धनु राशीतला शाईचा डाग

डागमावशी समोर आलेल्या माणसाची आधी कॉलर बघायची, मग बाह्या, मग पोटावरची बटणं, आणि एवढं होऊन वेळ उरलाच तर तोंड. त्यामुळे चेहऱ्यांच्या बाबतीत तिची कायमची बोंब होती. बँकेचे मॅनेजर रस्त्यात समोरासमोर आले तरी ती ओळख न दाखवता निघून जायची. आणि त्यांचा करडा कोट एकदा त्यांच्या मेव्हण्याच्या अंगावर दिसला, तेव्हा तिने त्या मेव्हण्याला भर रस्त्यात थांबवून मॅनेजरसाहेबांच्या गुडघेदुखीची आपुलकीने चौकशी केली होती.

गल्लीच्या तोंडाशी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कपडे धुण्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं लांब टेबल, मग एक पडदा, आणि पडद्याआड धुलाईची दोन यंत्रं आणि मावशीचं टेबल. त्यावर बाटल्या, ब्रश, जुन्या चादरींचे तुकडे आणि एक भिंग. दुकानाला लागून सासूबाईंची खोली. वर घर, घरावर गच्ची. इस्त्रीचा मान नवऱ्याचा. त्याला सगळे इस्त्रीकाका म्हणत. कपडा किंचित ओला असतानाच दाबावा, एवढं एक तत्त्वज्ञान त्या माणसाला आयुष्यभर पुरलं होतं.

मावशी लग्न होऊन आली तेव्हा तिला डागातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील बस चालवायचे, घरात कपडे म्हणजे खाकी. पहिल्याच महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या टायवरचे पांढरे ठिपके तासभर घासून काढले आणि टाय मोठ्या अभिमानाने काउंटरवर ठेवला. ते ठिपके म्हणजे टायचं नक्षीकाम होतं. गिऱ्हाईक जे बोलायचं ते बोलून गेलं. सासूबाई मात्र रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेला शेजारी बसवून शिकवायला घेतलं: रक्ताला गार पाणी, तेलाला आधी पावडर, आणि शाईला देवाचं नाव. पुढे सासूबाईंचे कान गेले, डोळे मंदावले, अंधाराची भीती बसली, आणि टेबल मावशीकडे आलं.

असं सगळं बरं चाललेलं असताना साबणाच्या पावडरीच्या एका कंपनीने दुकानदारांसाठी सोडत काढली. तिसरं बक्षीस कुकरचा संच, दुसरं फ्रीज आणि पहिलं दुर्बीण. दुर्बीण का, तर कंपनीच्या जाहिरातीत कपडे ताऱ्यांसारखे चमकायचे. इस्त्रीकाकाने कुकरवर डोळा ठेवून नाव घातलं आणि त्याला पहिलं बक्षीस लागलं. तो कंपनीच्या माणसाशी फार भांडला. आपण पहिल्या नंबराच्या लायक नाही, आपल्याला तिसराच द्या, असं त्याने परोपरीने सांगितलं. पण कंपनीच्या माणसाने त्याला दुर्बिणीशेजारी उभा करून, हसायला लावून, फोटो काढून नेला.

लांबलचक पांढरी नळी, जाड तिपाई आणि तिच्यावर ताऱ्यांच्या चालीने हळूहळू सरकणारी मोटरची बैठक, असं ते धूड दुकानातच राहिलं. गिऱ्हाइकं त्यावर कोट टांगायला लागली. सासूबाईंना तो पाणी तापवायचा बंब वाटला, आणि एवढा मोठा बंब आणूनही अंघोळीला पाणी कोमट का, म्हणून त्या रोज विचारायच्या. काकाने विकायचाही प्रयत्न केला. एक नळकाम करणारा आला, पण त्याला नुसती नळी हवी होती, तीही अर्धीच.

शेवटी एका मंदीच्या आठवड्यात मावशीनेच ते गच्चीवर चढवलं आणि संध्याकाळी चंद्राकडे लावलं. बराच वेळ बघितलं. मग खाली येऊन नवऱ्याला म्हणाली, "चंद्राचं आता काही होण्यासारखं नाही. डाग फार जुने आहेत."

काका म्हणाला, बरं.

पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेली आणि तिसऱ्याही. जावईबापूंच्या कपाटात लग्नात हौसेने घेतलेला एक भारी कॅमेरा धूळ खात पडला होता, तो तिने मागून आणला. दुर्बिणीला डोळा लावायच्या टोकाशी कॅमेरा कसा जोडायचा हे जावयाने दाखवलं. चंद्राचे फोटो निघाले. लेकीने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले. नातेवाइकांनी अंगठे पाठवले. इथवर सगळं माणसात होतं.

मग दातवाले डॉक्टर त्यांचे पांढरे कोट घेऊन आले. ते मावशीचं नेहमीचं गिऱ्हाईक, आणि गावातल्या आकाशप्रेमी मंडळाचे अध्यक्षही. मंडळात त्यांच्यासकट मोजून चार सभासद होते आणि मंडळाची बैठक दर रविवारी सकाळी अकराला भरायची. डॉक्टरांना संध्याकाळी सातनंतर डोळे उघडे ठेवता येत नसत. बाकीच्यांपैकी एकाला गारठा चालत नसे आणि दोघांना घरून परवानगी नव्हती. तेव्हा भर उन्हात बसून, चहा पीत, रात्री काय दिसलं असतं यावर ते चर्चा करत. मंडळाकडे दुर्बीण नव्हती. मावशीची दुर्बीण बघून डॉक्टरांना भरून आलं. पुढच्या रविवारपासून बैठक दुकानातच भरायला लागली.

तिथेच एकदा डॉक्टरांनी एक पुस्तक उघडून चित्र दाखवलं. ताऱ्यांची नुसती रांगोळी सांडलेली, तीळ ठेवायला जागा नाही, आणि बरोब्बर मधे एक काळा धब्बा. त्यात एकही तारा नाही. एका बाजूला निळसर ताऱ्यांचा छोटासा पुंजका आणि काठावर एक नारिंगी तारा.

"हा कृष्ण तेजोमेघ," डॉक्टर म्हणाले. "धनु राशीत आहे. बघणारे याला शाईचा डागच म्हणतात."

मावशीने पुस्तक ओढून घेतलं आणि खिशातलं भिंग काढलं. कडा बघितल्या. हा डाग कशाचा, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, धुळीचा. थंडगार वायू आणि धूळ यांचा इतका दाट ढग, की मागच्या ताऱ्यांचा उजेड आरपार येतच नाही. कधीपासून आहे, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, माणूस नव्हता तेव्हापासून. धुळीचा डाग इतका जुना होऊ दिला, याचा दोष कुणाला द्यावा हे तिला कळेना. इस्त्रीकाका टेबलावरून म्हणाला, "ज्यात तेज नाही त्याला तेजोमेघ म्हणता, म्हणजे रागीट माणसाचं नाव शांताराम ठेवण्यासारखंच झालं." डॉक्टरांनी ते मान्य केलं.

त्या दिवशी जेवताना मावशीने जाहीर केलं की आपण त्याचा फोटो काढणार.

काकाने घास तसाच धरून विचारलं, "कशाचा? जिथे काही दिसत नाही, त्याचा?"

"हो."

"आणि फोटो चांगला आला हे कळणार कसं?"

"तिथे काही दिसलं नाही, की चांगला आला."

काकाने पानातली भाकरी बघितली, मग बायकोकडे बघितलं, आणि मुकाट्याने जेवला. त्याच्या मते हे काम अगदीच सोपं होतं. कॅमेऱ्याचं झाकण काढलं नाही म्हणजे झालं. पण तो बोलला नाही. नको तिथे न बोलणं ही त्याची जुनी सवय होती, आणि तिच्यावरच त्यांचा संसार टिकून होता.

पहिले फोटो गच्चीवरून काढले. ते दुधात कालवल्यासारखे आले. नुसता पांढरट धुरकटपणा, त्यात चारदोन तारे गटांगळ्या खाताना. रविवारी डॉक्टरांनी फोटो बघून निदान केलं, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड. काळं दिसायला आधी अंधार लागतो म्हणाले. इस्त्रीकाकाला हे कोडंच वाटलं. अंधारात काळी वस्तू शोधायची आणि दिवा नको, असं म्हणणाऱ्या माणसाकडे आपण दात दाखवायला जातो, या विचाराने तो जरा हादरला.

दिवा दुकानासमोरच होता. मावशी दिवाबत्ती खात्याच्या कचेरीत गेली. खिडकीमागचा कारकून सज्जन होता. त्याने आपुलकीने विचारलं, दिवा लागत नाही, लुकलुकतो, की खांब वाकलाय?

"दिवा लागतो," मावशी म्हणाली.

"मग तक्रार कसली?"

"तीच."

कारकुनाने मागच्या कपाटात बघितलं, साहेबांना विचारून आला, पुन्हा बसला. दिवा लागण्याबद्दल तक्रार घ्यायची सोय नाही म्हणाला. आजवर तशी वेळच आली नाही. मग बिचाऱ्याने आपल्या परीने वाट काढून दिली. "तुम्ही असं करा, दिवा लागत नाही म्हणून लिहा. आमचा माणूस येईल, त्याला काय हवं ते समोर सांगा." मावशीने तसं लिहिलं.

खात्याचा माणूस भर दुपारी आला. मावशी तेव्हा पडद्याआड एका सोफ्याच्या खोळीवर वाकली होती. त्याने मान वर करून बघितलं. दिवा बंद होता. त्याने शिडी लावली, जुना दिवा उतरवला आणि तिथे नवीन, दुप्पट उजेडाचा दिवा बसवून गेला.

संध्याकाळी तो लागला तेव्हा गल्लीतले कुत्रे एकदम उठून बसले. शेजारी बाहेर आले. समोरच्या शिकवणीच्या बाईंनी मुलांना ओसरीवर आणून बसवलं, पत्ते खेळणाऱ्यांनी आपलं टेबल थेट खांबाखाली आणलं, आणि हे कुणी केलं याची चौकशी झाल्यावर सगळे मावशीचे आभार मानायला आले. कुणी बिस्किटं आणली, कुणी फुलं. मावशी हातात फुलं घेऊन डोळे मिचकावत उभी राहिली. त्यातल्या एकालाही ती तोंडाने ओळखत नव्हती, आणि उजेड इतका की सगळ्यांच्या कॉलरी मात्र लख्ख दिसत होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली, कारकुनाला सगळं सांगितलं, आणि त्याने पुन्हा तोच अर्ज करायला सांगितला. या खेपेला आपण खास माणूस पाठवतो म्हणाला. खास माणूसही दुपारीच आला. त्याने दिवा बंद बघून खांबाच्या दुसऱ्या बाजूलाही एक बसवला. मग पलीकडच्या गल्लीतले लोक हात जोडून आले. आमच्याकडे अंधार आहे, तुमचं कचेरीत वजन आहे, एवढा एक अर्ज कराच. मावशीला नाही म्हणता येईना. त्यांच्याही गल्लीत दिवे आले. पावसाळ्यापूर्वी त्या भागात रात्री छत्रीची सावली पडायला लागली.

"तू अजून एक अर्ज केलास," इस्त्रीकाका म्हणाला, "तर सूर्य मावळायचा बंद होईल."

बोलून गेला खरा, पण बायकोचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं. ती त्या आठवड्यात एकाही डागाला हात लावत नव्हती. कपडे तसेच परत जात होते. काकाने पुढच्या रविवारी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, इतका अंधार मिळतो कुठे. डॉक्टरांनी गावाबाहेरची दगडाची खाण सांगितली. तिथे आजूबाजूला काही नाही, आणि चारी बाजूंनी कडे असल्यामुळे गावाचा उजेडही खाली येत नाही.

दुकानाची कपडे पोचवायची बंद गाडी होती. पण जाणार म्हटल्यावर सासूबाईंचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, आणि नेलं तर त्या हातातला टॉर्च विझवणार नव्हत्या. त्या झोपतानाही टॉर्च लावून झोपायच्या. मावशीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन समजावलं, की तिथे थोडा वेळ अंधार करावा लागेल. सासूबाई म्हणाल्या, हो हो, म्हणूनच टॉर्च घेते.

तोडगा काकाने काढला. दुकानाच्या पोटमाळ्यावर वकिलांचे काळे कोट पडून होते, ढीगभर. वकील लोक कोट धुवायला टाकतात आणि मग न्यायला यायच्या तारखेवर तारखा देत राहतात. काकाने कपडे वाळवायची घडीची घोडी घेतली, तिच्यावर ते कोट एकावर एक चढवून चिमटे मारले आणि आत एक माणूस बसेल असा तंबू केला. तंबू बाहेरचा उजेड अडवण्यासाठी नव्हता. सासूबाईंना टॉर्चसकट त्यात बसवायचं, म्हणजे त्यांचा उजेड आतच राहील, अशी योजना होती. डॉक्टरांनी ती ऐकून काकाशी हस्तांदोलन केलं.

अमावस्येच्या आसपास, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असताना, ते निघाले. डॉक्टर पुढच्या सीटवर. आकाशप्रेमी मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वाटेत धनु रास कशी ओळखायची ते सविस्तर सांगितलं, आणि गाडी खाणीत उतरेपर्यंत ते गाढ झोपले. त्यांना हलवून पाहिलं, नाकापाशी तंबाखू धरून पाहिली, उपयोग झाला नाही. मग त्यांच्या अंगावर एक कोट टाकून दार लावून घेतलं.

तंबू उभा राहिला. सासूबाई आत गेल्या. मावशीने तिपाई रोवली, नळी चढवली, कॅमेरा जोडला. इतके तारे तिने कधी बघितले नव्हते. बराच वेळ तिला धनु रासच सापडेना, कारण तिच्यात आणि बाकीच्यात काही अंतरच राहिलं नव्हतं. शेवटी सापडली. आणि तेवढ्यात खाणीच्या तोंडाकडून एक प्रचंड टॉर्च त्यांच्यावर येऊन पडला.

खाणीचा पहारेकरी होता. दगड चोरायला आले असणार, असं तो धरून चालला होता. त्याने जवळ येऊन गाडीत डोकावलं, कोटाखालचे डॉक्टर बघितले, आणि दोन पावलं मागे सरकला.

काका म्हणाला, ते झोपलेत. आणि कृपा करून टॉर्च बंद करा.

पहारेकरी म्हणाला की टॉर्च चालू ठेवणं हीच त्याची नोकरी आहे. मग इथे काय चाललंय ते विचारलं. फोटो काढतोय म्हटल्यावर, कशाचा म्हणून विचारलं.

"वर एक काळी जागा आहे," काका म्हणाला, "तिचा."

पहारेकऱ्याने मान वर केली. खाणीच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत बघून घेतलं. "कुठली?" त्याने विचारलं.

हे काकालाही माहीत नव्हतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून वर बघत राहिले. शेवटी मावशीने मधे पडून सांगितलं, की नोकरी करा, टॉर्चही लावा, पण त्या तंबूत बसून लावा. पहारेकऱ्याने विचार केला. तंबू खाणीच्या हद्दीतच होता. तो कोटांच्या बाह्या बाजूला सारून आत गेला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "या, बसा." मग त्या त्याला रेशमावरच्या तेलाच्या डागाबद्दल सांगायला लागल्या आणि तो त्यांना सुरुंग कसा भरतात ते सांगायला लागला. एकमेकांचं एक अक्षर न ऐकता दोघांचं सगळ्या बाबतीत एकमत होत गेलं.

इकडे दुर्बिणीच्या काचेवर दव धरायला लागलं. डागाचा फोटो काढताना काचेवर ओल येणं म्हणजे फार झालं. कापडाने पुसलं तर पुन्हा येई. इस्त्रीकाका जराही गडबडला नाही. त्याने सवयीने बरोबर कोळशाची इस्त्री आणलीच होती. ही कशाला, असं बायकोने निघताना विचारलंही होतं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, आडोशाला, त्याने इस्त्री पेटवली आणि टॉवेल दाबायला घेतले. गरम गरम टॉवेल आणून नळीच्या तोंडाशी गुंडाळायचा, गार झाला की दुसरा. दव आलं नाही. असं तो सगळी रात्र करत होता. सकाळी टॉवेलांना ज्या घड्या होत्या, तशा त्याला पुन्हा कधी जमल्या नाहीत, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

मावशी कॅमेऱ्यामागे बसून होती. एक फोटो घ्यायचा म्हणजे काच कितीतरी वेळ उघडी ठेवून स्वस्थ बसायचं, मोटर आपली ताऱ्यांमागून सरकते आहे यावर विश्वास ठेवायचा. पहिला फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर उमटला. निळसर पुंजका होता. नारिंगी तारा होता. आणि त्यांच्या मधे, कुणीतरी बोट बुडवून टेकवावं तसा तो होता. आयुष्यभर तिच्या टेबलावर डाग आले ते जायलाच आले होते. हा एक, फोटोमागून फोटो, ठळक होत चालला होता आणि त्याला कुणाची भीती नव्हती. मावशीला वाटलं होतं की आपले हात शिवशिवतील. तसं काही झालं नाही. उजाडू नये, एवढंच तिला वाटत राहिलं.

नंतर जावयाने ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचा एक केला. तो बघायला सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. काकासुद्धा पुढे होऊन बघून म्हणाला, खरंच काही दिसत नाही.

मंडळाने ठरवलं की वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं. मावशीचा फोटो मधोमध, भिंतभर. तिने तो चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे छापायला दिला. कागदावर तिचा भरवसा नव्हता, कापडावर छापा म्हणाली. स्टुडिओवाला तिला फार मानायचा. त्याच्या लग्नाच्या शर्टावर ऐन वेळी सांडलेलं सरबत तिने उभ्या उभ्या काढून दिलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तो स्वतःच गुंडाळी खांद्यावर घेऊन दुकानात आला. इस्त्रीच्या टेबलावर त्याने ती उलगडली. तारेच तारे. इकडून तिकडे नुसते तारे.

"मावशी, तुम्हाला सांगितलं नाही मुद्दाम," तो म्हणाला. "तुमच्या फोटोवर मधेच केवढा मोठा डाग होता. रात्र बसून काढला. एकेक तारा भरलाय. पैसे द्यायचे नाहीत."

इस्त्रीकाकाने इस्त्री उभी करून ठेवली. पडद्यामागचं यंत्र तेवढं फिरत राहिलं.

मावशीने भिंग काढलं. जिथे डाग असायला हवा होता तिथे तिने कडेकडेने बघितलं. कुठे शिवण नाही, कुठे रंग फिका नाही, ओरखडा नाही. चाळीस वर्षं ज्या सफाईसाठी ती धडपडली, ती सफाई होती. तिने भिंग मिटून खिशात ठेवलं.

"फार स्वच्छ काढलास रे," ती म्हणाली.

तो बिचारा फुलून गेला. चहा पिऊन, पाया पडून गेला.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. तरीही स्टुडिओवाल्याला खरं सांगून पुन्हा छापायला लावावं, असं काका म्हणाला. मावशीने नकारार्थी मान हलवली. मग ती उठली आणि पोटमाळ्यावरून काळ्या कोटांना पुन्हा काळं करायचा रंग काढून आणला. काका दाराला कडी लावून आला. जावयाने कॉम्प्युटर आणून मूळ फोटो टेबलावर उघडला. मावशीने रंग पातळ केला, कापसाचा बोळा घेतला, आणि कापडावर पहिला ठिपका टेकवला.

डाग पसरतो कसा, कडेला दाट कुठे होतो, विरतो कुठे, हे तिला पाठ होतं. पण घालायची वेळ पहिलीच. नारिंगी ताऱ्यापाशी आल्यावर ती थांबली, कपाळ पुसलं, पुन्हा वाकली. काका मधून मधून तेवढीच जागा इस्त्रीने अलगद वाळवत होता. अर्ध्यातच सासूबाई टॉर्च घेऊन बाहेर आल्या. सून एवढ्या मोठ्या कापडावर काळा रंग ओततेय हे त्यांना दिसलं. मग जवळ येऊन, टॉर्च टेकवून, त्यांनी एका जागी बोट ठेवलं. तिथे रंग कमी पडला होता. मावशीने तिथे आणखी एक बोट टेकवलं.

संध्याकाळी सभागृहात मावशीने डॉक्टरांना सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. हा फोटो आहे का, हा प्रश्न होता. गारठा न चालणारे सभासद म्हणाले, आकाश खरं आहे, पण डाग दुकानात घातलाय. उरलेल्या दोघांचं म्हणणं, डागाखाली स्टुडिओवाल्याचे तारे आहेत, त्यांचं काय. घड्याळात सात वाजत आले होते आणि डॉक्टरांचे डोळे मिटायला लागले होते. त्यांनी टेबल धरून उभं राहत निकाल दिला, की मूळ आकाशातही तसंच आहे, मागे तारे आहेत आणि वरून काळं आलंय, तेव्हा यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि झोपले. चित्राखाली चिठ्ठी लागली: आकाश डागमावशी, तारे स्टुडिओ, डाग पुन्हा डागमावशी, दव इस्त्रीकाका.

लोक आले, बघून गेले. स्टुडिओवाला बायकोला घेऊन आला. चित्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग मावशीजवळ येऊन हळूच म्हणाला, "परत उमटला का हो?"

"जुना आहे फार," मावशी म्हणाली.

त्याने समजुतीने मान हलवली. काही डाग राहतातच, म्हणाला.

प्रदर्शन संपल्यावर डॉक्टरांनी ते कापड आपल्या दवाखान्यात लावायला मागून घेतलं. बाहेरच्या बाकासमोरच लावलं. पेशंटना ती कुणाच्यातरी किडलेल्या दाढेची तसबीर वाटली. काही जण बघूनच घरी गेले, आणि काहींनी एक दाढ दुखत असताना दोन काढून घेतल्या. महिन्याभराने डॉक्टरांनी ते उतरवून खाणीच्या पहारेकऱ्याला दिलं. त्याने आपल्या चौकीच्या दाराला लावलं आहे. वारा अडतो म्हणाला.

मावशी अजून दुकान चालवते. अमावस्या जवळ आली की गाडी निघते. गेल्या खेपेला सगळं मांडून झालं आणि ढग भरून आले. सासूबाई आणि पहारेकरी तंबूत गप्पा मारत होते. काकाने इस्त्रीवर चार टॉवेल गरम करून एक बायकोच्या खांद्यावर टाकला, एक स्वतःच्या, आणि दोघं गाडीच्या पायरीवर बसून राहिली.